पाणमांजर की नीरुनायी?

रविवारी दुपारी चारच्या सुमारास आमच्या घरी जपान येतं. भाची, तिचा नवरा आणि आठ वर्षांची नात नागोयाला असतात. आपल्याकडं चहाची वेळ असते तेव्हा तिथं रात्रीचे साडेसात वाजलेले असतात, जेवणं उरकलेली असतात. भाची बेळगावची, जावई धारवाडचे. त्यामुळे मोबाईलच्या त्या एवढ्याशा चौकोनात मराठी, कन्नड, इंग्रजी आणि आता जपानी अशी चार भाषांची मिसळ चाललेली असते. नात मला ‘बेळगाव अज्जी’ म्हणते आणि तिच्या आजीला ‘धारवाड अज्जी’. गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी या दोन्ही अज्ज्या एकाच सोफ्यावर होत्या. विहीणबाई लग्नासाठी म्हणून आल्या होत्या आणि आमच्याकडंच उतरल्या होत्या.

“अज्जी, मला हे पाहिजे,” असं म्हणून नातीनं एक व्हिडिओ लावला. तपकिरी, चपट्या डोक्याचं, मिशाळ असं एक पिल्लू दोन्ही हातांत दुधाची बाटली धरून चुटुचुटू दूध पीत होतं.

“अगं, हे तर पाणमांजर!” मी म्हटलं.

“अदु नीरुनायी अल्लेन्री?” विहीणबाई म्हणाल्या.

झालं! आम्ही म्हणतो पाण्यातलं मांजर, त्या म्हणतात पाण्यातलं कुत्रं. पाच मिनिटं आमचा वाद चालला. नात शांतपणे म्हणाली, “इथं त्याला कावाउसो म्हणतात.” आणि मग किंमत सांगितली. दहा लाख येनच्या वर. म्हणजे आपले साडेपाच-सहा लाख रुपये! विहीणबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

थोड्या वेळानं नातीला आत पाठवून भाची हळूच म्हणाली, “मावशी, तूच समजाव बाई तिला. शाळेतल्या एका मुलीनं सांगितल्यापासून रोज हाच विषय. आणि खरं सांगू? तो व्हिडिओ बघून यांचंसुद्धा मन पाघळलंय. चौकशी करून आलेत.” जन्मभर शाळेत शिकवलं, तेव्हा आठवड्याची मुदत मागून घेतली आणि वाचायला बसले. बसले खरी, पण जे वाचलं त्यानं नातीपेक्षा माझीच पंचाईत जास्त झाली. ती कशी, ते पुढं सांगते.

आधी त्या दुकानांविषयी. जपानमधल्या मोठ्या बाजारसंकुलांत प्राण्यांचं दुकान हमखास असतं. काचेच्या चौकटीत कुत्र्या-मांजरांची पिल्लं, समोर किंमत. हे आपल्यालाही आता नवीन नाही. पण ‘एक्झॉटिक’ म्हणून जी वेगळी दुकानं असतात तिथं काटेरी हेजहॉग, हवेत तरंगत झेप घेणारे शुगर ग्लायडर, वाळवंटातले मोठ्या कानांचे फेनेक कोल्हे, दोन पायांवर उभे राहणारे मीरकॅट आणि पायाला दोरी बांधलेली घुबडं बघायला मिळतात. होय, घुबडं! आपल्याकडं घुबड घरावर बसलं तर दृष्ट काढतील, पण जपानी माणसाला ते शुभ. त्यांच्या भाषेत घुबड म्हणजे ‘फुकुरो’. त्यातला ‘फु’ म्हणजे नाही आणि ‘कुरो’ म्हणजे कष्ट, अशी फोड करून ते त्याला कष्ट दूर करणारा पक्षी मानतात.

एवढ्या चित्रविचित्र प्राण्यांची हौस कशासाठी? लहान फ्लॅट, त्यातल्या कित्येक इमारतींत कुत्रं पाळायला बंदी, घरात माणसं एक किंवा दोन, मुलं कमी. मग लहानसं, फारसं न भुंकणारं, फिरवून आणायला न लागणारं काहीतरी हवं असतं. हे मला समजू शकतं. आपल्याकडंही मुलं परदेशी गेली की घरं अशीच गप्प होतात.

यातली सगळीच हौस वाईट म्हणवत नाही. शरद ऋतूत ‘सुझुमुशी’ नावाचा काळा किडा विकायला येतो. सुझु म्हणजे घंटी आणि मुशी म्हणजे किडा. त्याचा नर पंखाला पंख घासून बारीक घंटी वाजल्यासारखा आवाज काढतो. काकडीची नाहीतर वांग्याची फोड खायला घातली की पुरे. अडीचशे वर्षांपूर्वीही एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अशा गाणाऱ्या किड्यांच्या पिंजऱ्यांचे फिरते विक्रेते असत. क्योटोमधल्या एका देवळात तर हे किडे वर्षभर हजारोंनी पाळतात. लोक त्या देवळाला ‘सुझुमुशीचं देऊळ’च म्हणतात.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा लाडका तो ‘काबुतोमुशी’, शिंगवाला मोठा भुंगा. पाच-सातशे येन दिले, म्हणजे आपले तीनशे-चारशे रुपये, की मिळतो. प्लास्टिकची पेटी, खाली कुजलेल्या लाकडाचा भुसा, खायला छोट्या डबीतली जेली, हे सगळं त्याच दुकानात. आमच्या लहानपणी आगपेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडा ठेवायचे मुलगे. शेजारची कन्नड मुलं त्याला जीरजिंबे म्हणायची. तेच हे, फक्त तिथं त्याला पावती मिळते!

पण पावती आली की हाव येतेच. १९९९ साली टोकियोत आठ सेंटिमीटरचा एक शिंगाडा भुंगा (तिकडं त्याला ‘ओकुवागाता’ म्हणतात) एक कोटी येनला विकला गेला. त्या वेळचे अडतीस-चाळीस लाख रुपये, एका किड्याला! त्याच वर्षी परदेशी भुंगे आणायचे नियम सैल झाले आणि आग्नेय आशियातले भुंगे खोक्याखोक्यांनी येऊ लागले. त्यातले काही सुटले, स्थानिक भुंग्यांबरोबर त्यांचा संकर होऊ लागला, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी धोक्याची घंटा वाजवली.

आता रकूनची गोष्ट सांगते, कारण नातीला मी सगळ्यात आधी हीच सांगितली. १९७७ साली जपानी टीव्हीवर ‘रास्कल’ नावाच्या रकूनची कार्टून मालिका लागली. डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला हा अमेरिकेतला प्राणी. एका अमेरिकन लेखकाच्या बालपणाच्या आठवणींवर ती बेतलेली. मालिका इतकी गोड की घराघरांतली पोरं रकूनसाठी हटून बसली, आणि वर्षाला दीड हजारापर्यंत रकून अमेरिकेहून येऊ लागले. पिल्लू असेतो सगळं छान. वयात आल्यावर तो चावतो, ओरबाडतो, कपाटं उघडतो. मालिकेच्या शेवटी तो मुलगा आपल्या रकूनला रानात सोडून देतो. घराघरांतल्या आईबापांनीही तेच केलं. आज ते रकून जवळजवळ सगळ्या जपानभर पसरलेत. मका-कलिंगडं फस्त करतात, जुन्या लाकडी देवळांच्या छपरांत घरं करतात, खांबांवर नखं मारतात. २००५ पासून तिथं रकून आणणं, विकणं, पाळणं कायद्यानं बंद आहे. पण सुटलेले कसे परत येणार?

लोरिसचीही तीच कथा. वाटोळ्या डोळ्यांचं हे निशाचर जनावर आपल्या रानातही आहे, जरा सडपातळ. कन्नडमध्ये त्याला काय सुंदर नाव आहे! ‘काडुपाप’, म्हणजे रानातलं बाळ. जपानी दुकानांत विकले जायचे ते आग्नेय आशियातले ‘स्लो लोरिस’. त्यांच्या चाव्यात विष असतं, म्हणून विकण्याआधी पकडीनं दात तोडायचे. २००७ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

आणि दुकानातल्या त्याच काचेमागं आपलं एक माहेरचं माणूसही बसलेलं असतं, हे वाचून मात्र मी चमकले. पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेलं कासव. आपण त्याला तारा कासव म्हणतो, कन्नडमध्ये नक्षत्र आमे, आणि जपानीत ‘इंदो होशिगामे’. होशी म्हणजे तारा. तिन्ही भाषांना त्याच्या पाठीवर तारेच दिसले! कर्नाटक-आंध्रच्या कोरड्या माळांवर, तामिळनाडू, गुजरात, राजस्थान आणि श्रीलंकेत ते राहतं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळणं आणि विकणं गुन्हा आहे. तरी बॅगांत, मोज्यांत कोंबून त्याची पिल्लं देशाबाहेर नेणारे विमानतळांवर वर्षानुवर्षं सापडत आले आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावरचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सायटीस, त्याची ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाला परिषद झाली. तिथं भारतानं आणि आणखी काही देशांनी मिळून मागणी केली आणि तारा कासव सर्वांत कडक यादीत गेलं. त्याच परिषदेत, भारताच्याच पुढाकारानं, आमच्या वादाचं मूळ असलेलं पाणमांजरही त्या यादीत गेलं.

तर आता पाणमांजर. नातीला हवं होतं ते लहान नखांचं पाणमांजर, सगळ्या जातींत लहान, तीन ते पाच किलोचं. आपल्याकडं कोडगू-चिक्कमगळूरच्या डोंगरओढ्यांत ते आहे. त्याचं थोरलं भावंड काळी नदीत दांडेलीकडं दिसतं, गोव्याच्या खाड्यांत दिसतं. विहीणबाईंचं माहेर हळियाळकडचं. त्यांनी लहानपणी नदीच्या खडकांवर ही जनावरं पाहिलीत. त्या म्हणाल्या, “एकटं कधी दिसलंच नाही हो अक्का. आठ-दहा असायची, आणि काय तो कलकलाट!” पुस्तकंही हेच सांगतात. हे कुटुंबानं राहणारं जनावर. निदान डझनभर तऱ्हांचे आवाज काढून ती एकमेकांशी बोलतात. पाण्याशिवाय त्यांचं चालत नाही, अंगाला उग्र वास, आणि खेकड्याचं कवच फोडणारे दात. अशा जिवाला सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरातलं टब द्यायचं!

२०१७-१८ च्या सुमारास जपानमध्ये पाणमांजराची मोठी लाट आली. टीव्हीवर पाणमांजर, मोबाईलवर पाणमांजर, तासाचे पैसे भरून त्याला हाताळायचे कॅफे. मागणी वाढली की पुरवठा कुठून तरी होणारच. २०१७ मध्ये बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर जपानला निघालेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत पाणमांजराची दहा पिल्लं सापडली. २०१५ ते २०१७ या काळात आग्नेय आशियात पकडलेल्या जिवंत पाणमांजरांतली निम्म्याहून जास्त जपानच्या वाटेवरची होती. इतकं लहान पिल्लू आईबापांच्या देखत सहजासहजी उचलता येत नाही. त्या दहा पिल्लांमागं किती मोठी जनावरं मारली गेली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २०१९ च्या निर्णयानंतर आता जपानमध्ये नोंदणी केलेलंच पाणमांजर विकता येतं. कॅफे मात्र अजून आहेत.

मला सगळ्यात बोचलं ते वेगळंच. जपानचं स्वतःचं पाणमांजर होतं! एके काळी जवळजवळ प्रत्येक नदीत ते होतं, लोककथांतही ते माणसाचं रूप घेऊन फसवायला येतं. मेइजी काळात त्याच्या कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली. मग नद्यांत कारखान्यांचं पाणी आलं, काठ सिमेंटनं बांधले गेले, उरलीसुरली मासेमारीच्या जाळ्यांत अडकून बुडाली. १९६५ साली त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मोठा मान मिळाला, म्हणजे जायची वेळ आल्यावर! १९७९ साली शिकोकू बेटावर, सुसाकी गावाच्या शिंजो नदीत ते खात्रीनं दिसलं ते शेवटचं. २०१२ साली सरकारनं ते नामशेष झाल्याचं जाहीर केलं. आज सुसाकीत ‘शिंजोकुन’ नावाचा पाणमांजराचा बाहुला आहे. त्याच्या डोक्यावर तिथल्या प्रसिद्ध शेवयांच्या मडक्याची टोपी. २०१६ साली देशभरातल्या अशा बाहुल्यांच्या स्पर्धेत तो पहिला आला.

नदीत पाणमांजर नाही, चौकात बाहुला आहे आणि दुकानात थायलंडचं पिल्लू.

यावर मी विहीणबाईंशी फोनवर तावातावानं बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, “आपण तरी काय वेगळं करतो हो?” तुंगभद्रेच्या काठावर २०१५ साली कर्नाटक सरकारनं पाणमांजरांसाठी ३४ किलोमीटरचा पट्टा राखीव केला, हे मी त्यांना अभिमानानं सांगितलं. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण आता ती पंचाईत सांगायची वेळ आली आहे.

जपानच्या वाचनात एक हिरवं कासव आलं. डोळ्यामागं लाल पट्टा, जातीनं अमेरिकेचं. १९६६ साली तिथल्या एका मिठाई कंपनीनं मुलांना बक्षीस म्हणून ही पिल्लं वाटली आणि मग घराघरांत ती आली. रुपयाएवढं पिल्लू ताटलीएवढं होतं, पाणी घाण करतं आणि तीस-चाळीस वर्षं जगतं. मग तळी, कालवे, देवळांची कुंडं. २०१६ च्या सुमारास सरकारी अंदाज असा होता की अशी ऐंशी लाख कासवं जपानच्या उघड्या पाण्यात आहेत. तिथल्या देशी कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं दोन्ही यांनी बळकावलं. १ जून २०२३ पासून तिथं ही कासवं विकायला आणि सोडायला बंदी आहे, पण घरी असलेलं पाळायला मुभा आहे. ही मुभा का, हे वाचून मला सरकारी माणसांच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं. पाळायलाही बंदी केली असती तर लोकांनी एका रात्रीत सगळी कासवं तळ्यात नेऊन टाकली असती!

डोळ्यामागं लाल पट्टा. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

२००४ साली आमचा मुलगा चौथीत असताना मी त्याला मासे विकणाऱ्या दुकानातून असंच एक पिल्लू आणून दिलं होतं. दुकानदार म्हणाला, “लकी असतंय ताई, आणि वाढत नाही.” हिरवंगार, दोन बोटांवर मावणारं. मुलानं त्याचं नाव ठेवलं होतं पिंट्या. तीन वर्षांत पिंट्या दोन्ही हातांत मावेना. रोज पाणी बदलायचं काम अर्थातच माझ्याकडं. त्याला वास यायचा, तो बोट चावायचा. २००८ च्या उन्हाळ्यात मुलगा आजोळी गेला होता. एका पहाटे कापडी पिशवीत घालून मी ते कासव गावाबाहेरच्या एका तळ्यात सोडून आले. सोडताना हात जोडले होते, कारण कासवाला मुक्ती दिली असंच मला वाटत होतं. मुलाला सांगितलं, ते आपल्या आईकडं गेलं.

त्याची आई समुद्रापलीकडं, अमेरिकेत! शाळेत शिकवणारी बाई मी.

पुढच्या रविवारी नातीला रकून सांगितला, सुसाकीची नदी सांगितली, कलकलाट करणारी दहा पाणमांजरं सांगितली. ती सगळं ऐकत होती, पण ‘मी नीट सांभाळीन’ हे तिच्या तोंडावर लिहिलेलंच होतं. तेव्हा मग पिंट्याची गोष्ट सांगितली. अगदी ती पिशवीसकट. शेजारी मुलगा बसला होता. त्याला हे तेव्हाच कळलं, इतक्या वर्षांनी. तो काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला.

नात बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, “मग अज्जी, तो आता कुठं आहे?”

मला उत्तर आलं नाही.

पाणमांजर आलं नाही. जावईबापूंनी तिला दोन काबुतोमुशी आणून दिले. जेलीच्या डब्या लावणं, भुशावर पाणी शिंपडणं ती स्वतः करते. सप्टेंबरात ते मरणार हे तिला आधीच सांगितलंय. विहीणबाईंना मात्र ते भुंगे मुळीच आवडलेले नाहीत. “ह्याला पैसे कोण देतं?” असं त्या दर रविवारी विचारतात.

परवा सकाळी मी आणि मुलगा त्या तळ्यावर जाऊन आलो. काठाला आता दगड बसवलेत, फिरायला वाट केलीय. अर्धा तास आम्ही पाण्याकडं बघत उभे होतो. काही दिसलं नाही. शेवटी मुलानं तिथल्या रखवालदाराला विचारलं, “काका, इथं लाल पट्ट्याचं कासव दिसतंय का कधी?”

“हायत की,” तो म्हणाला. “ऊन चढलं की त्या पलीकडच्या दगडावर येऊन बसत्यात. आठ-दहा तरी असतील.”

मी एकच सोडलं होतं.